ओळख उशिरा होते : 'फ्रीरेन' या मालिकेविषयी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. "सर, पत्रिकेत काही चूक झालीय का?" असं दोघांनीही विचारलं. चूक झालेली नाही. आयुष्यभर कांट आणि न्यायदर्शन शिकवलेला माणूस ७४व्या वर्षी जपानी ॲनिमेवर बोलायला उभा आहे, हे खरं आहे. याचं श्रेय किंवा दोष माझ्या नातीचा. मी सुरुवातीला "कार्टून" म्हणालो तर ती म्हणाली, "आजोबा, आधी चार भाग बघा, मग बोला." मी २८ भाग पाहिले आणि मग परत पहिल्यापासून पाहिले. म्हणून आज बोलतो आहे.

आधी थोडी माहिती. मालिकेचं जपानी नाव 'सोसो नो फुरीरेन'. मूळ चित्रकथा कानेहितो यामादा यांनी लिहिलेली आणि त्सुकासा आबे यांनी चितारलेली. २०२० साली ती एका जपानी साप्ताहिकात सुरू झाली. तिच्यावरून मॅडहाउस या स्टुडिओनं ॲनिमे केला, दिग्दर्शक केइइचिरो साइतो. सप्टेंबर २०२३ ते मार्च २०२४ या काळात पहिले २८ भाग आले. माझं बोलणं त्या २८ भागांपुरतं आहे.

यातली नावं ऐकून मला प्रथम हसू आलं, कारण जवळजवळ सगळे जर्मन शब्द आहेत. फ्रीरेन म्हणजे गोठणं. हिमेल म्हणजे आकाश. आयझेन म्हणजे लोखंड, फेर्न म्हणजे दूर. एका खलपात्राचं नावच ल्यूग्नर, म्हणजे खोटारडा. आमच्या पिढीनं शब्दकोश मांडीवर घेऊन जर्मन वाचलं, त्यामुळे पात्रांचा स्वभाव आम्हाला आधीच कळतो. पण ती गंमत झाली.

गोष्ट जिथे संपायला हवी तिथे सुरू होते. चौघांच्या चमूनं दहा वर्षं प्रवास करून राक्षसांच्या राजाला मारलं आहे. हिमेल हा शूर नायक, हायटर हा दारूचा शौकीन धर्मगुरू, आयझेन हा बुटका योद्धा आणि फ्रीरेन ही जादूगार. फ्रीरेन 'एल्फ' जातीची आहे. दिसते कोवळ्या मुलीसारखी, पण हजार वर्षांहून जास्त जगलेली. चौघं परत येतात, सत्कार होतो, रात्री आकाशात उल्कांचा पाऊस पडतो. हा पाऊस ५० वर्षांतून एकदाच येतो. फ्रीरेन सहज म्हणते की पुढच्या वेळी मी तुम्हाला याहून चांगली जागा दाखवेन. आपण "पुढच्या रविवारी भेटू" म्हणतो ना, त्या सुरात.

आणि ती खरंच ५० वर्षांनी येते. हिमेल म्हातारा झालेला, टक्कल पडलेलं, उंची कमी झालेली. चौघं मिळून उल्का पाहतात. त्यानंतर हिमेल जातो. त्याच्या अंत्यविधीत लोक कुजबुजतात की ही बाई रडतसुद्धा नाही. फ्रीरेन म्हणते, रडू कसं, मला याच्याविषयी काही माहीतच नाही, दहाच वर्षं तर बरोबर होतो. आणि हे बोलता बोलताच ती कोसळते. माणसाचं आयुष्य लहान असतं हे ठाऊक होतं, मग मी याला जाणून का घेतलं नाही, असा तिचा प्रश्न. पुढची सगळी मालिका या एका प्रश्नातून निघते.

मी इथे थांबलो होतो. नात म्हणाली, "आजोबा, पुढचा लावू?" मी म्हटलं, उद्या.

का थांबलो ते सांगतो. माझा एक सहकारी होता. २६ वर्षं आम्ही एका स्टाफरूममध्ये, समोरासमोरच्या खुर्च्यांवर बसलो. तास संपला की चहा आणि भांडण. तो गेला तेव्हा शोकसभेत मला बोलायला सांगितलं. मी त्याच्या कांटविषयीच्या मतांवर वीस मिनिटं बोललो. लोकांनी चांगलं झालं म्हणून सांगितलं. मग त्याची बहीण बोलायला उठली. तिनं सांगितलं की त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी नदीत बुडाला, याच्या डोळ्यांदेखत, आणि त्यानंतर हा कधी पाण्यात उतरला नाही.

आमच्या विभागाची सहल दर वर्षी नदीवर किंवा धरणावर जायची. सगळे पाण्यात, आणि हा काठावर चप्पल घालून बसलेला. मी त्याला 'काठावरचा तत्त्वज्ञ' असं नाव ठेवलं होतं. विद्यार्थ्यांतही ते रूढ झालं. तो हसायचा. २६ वर्षं मी ते दोन शब्द वापरत होतो आणि त्यांचा अर्थ मला ठाऊक नव्हता.

तेव्हा फ्रीरेनचं रडणं मला कार्टूनमधलं वाटलं नाही. असो. आता मालिकेकडे येऊ.

पहिली गोष्ट जी मला उत्तम वाटली ती म्हणजे काळाची मांडणी. प्रत्येक टप्प्यावर पडद्यावर अक्षरं येतात : शूर हिमेलच्या मृत्यूनंतर अमुक वर्षांनी. म्हणजे इथला शकच एका मृत्यूपासून मोजला आहे. आपल्याकडे शक सुरू होतो राज्याभिषेकापासून, विजयापासून. राक्षसराजावरच्या विजयापासून वर्षं मोजली असती तरी चाललं असतं. पण लेखकानं तसं केलं नाही, कारण जग विजयानं बदललं असलं तरी फ्रीरेन बदलली ती त्या अंत्यविधीनं.

हायटर मरणाच्या जवळ असताना फेर्न नावाची युद्धात अनाथ झालेली मुलगी फ्रीरेनच्या हाती सोपवतो. तिच्याबरोबर आणि स्टार्क या तरुण योद्ध्याबरोबर फ्रीरेन त्याच जुन्या वाटेनं पुन्हा निघते. उत्तरेला टोकाशी मृतांचे आत्मे भेटतात अशी जागा आहे म्हणतात, तिथे जाऊन हिमेलशी बोलायचं. म्हणजे ही परिक्रमाच आहे, फक्त दुसरी. आणि दुसऱ्या फेरीतच पहिलीचा अर्थ कळत जातो.

एकच उदाहरण घेतो, १४व्या भागातलं. पहिल्या प्रवासात हिमेलनं तिला एक अंगठी घेऊन दिली होती. तिनं दुकानात उगीच एका अंगठीकडे बोट दाखवलं, त्यानं गुडघा टेकून ती तिच्या बोटात घातली. त्या अंगठीवर एका फुलाची नक्षी होती. त्या मुलखात त्या फुलाचा अर्थ 'चिरंतन प्रेम' असा होतो. तिला हे ठाऊक नव्हतं. अनेक वर्षांनी स्टार्क त्याच नक्षीचं ब्रेसलेट फेर्नला देतो, तोही अर्थ न कळता, आणि तेव्हा बोलता बोलता हे फ्रीरेनच्या कानावर पडतं. पुढे ती अंगठी हरवते तर ती शोधायला निघते. कुणी छाती पिटत नाही, पार्श्वसंगीत फुगत नाही. ज्यानं दिली तो मातीत गेला, आणि ती आत्ता मिळाली. आमच्या शास्त्रात वाक्यार्थबोधाची चर्चा आहे : शब्द कानावर पडल्यावर अर्थ कधी आणि कसा उमगतो. एखाद्या शब्दाचा बोध व्हायला ८० वर्षं लागू शकतात, असं उदाहरण मी वर्गात कधी दिलं नाही. द्यायला हवं होतं.

८०वरून आठवलं. क्वाल नावाच्या एका राक्षसाला त्या चौघांनी ८० वर्षांपूर्वी जेरबंद करून ठेवलेलं असतं, कारण त्याची प्राणघातक जादू कुणाला अडवता येत नव्हती. तो सुटतो आणि तीच जादू फेकतो. फेर्न ती सहज अडवते. या ८० वर्षांत माणसांनी तिचा अभ्यास केला, ढाली शोधल्या, आणि आता तीच जादू नवशिक्यांना पहिल्या धड्यात शिकवतात. ज्ञान एका डोक्यात राहत नाही, परंपरेत वाढतं, हे इतक्या थोडक्यात मी कुठे पाहिलेलं नाही. माणूस अल्पायुषी आहे म्हणून घाईनं शिकतो आणि पुढच्याला देऊन जातो.

उत्तरार्धाविषयी फार बोलत नाही. १८व्या भागापासून जादूगारांची परीक्षा सुरू होते. पात्रं भराभर येतात, सामने होतात, आणि मालिका इतर मालिकांसारखी होते. नातीला तो भाग आवडतो, मला लांबलेला वाटतो. पण शेवटी उत्तीर्ण झालेल्या फेर्नला हवी ती जादू मागायला सांगतात. जगातली कुठलीही मिळू शकते. ती कपडे स्वच्छ धुण्याची जादू मागते. या एका मागणीसाठी मी ते सगळे सामने माफ केले.

आता माझ्या तक्रारीकडे येतो. ज्यासाठी मी मुळात हे व्याख्यान घेतलं, ते आता.

मालिकेच्या नावातला 'सोसो' हा शब्द अंत्यविधीचा आहे, मृताला पोचवायला जाण्याचा. आपल्याला वाटतं की मित्रांना पोचवणारी ती फ्रीरेन. पण गोष्टीत हे विशेषण तिला राक्षसांनी दिलेलं आहे. इतिहासात सर्वांत जास्त राक्षस मारणारी, आम्हाला पुरणारी, ती फ्रीरेन. एकच शब्द. एका बाजूनं शोक, दुसऱ्या बाजूनं संहार. लेखकानं हे अजाणता केलेलं नाही.

या राक्षसांना जपानीत 'माझोकु' म्हणतात. मालिकेप्रमाणे त्यांचे पूर्वज म्हणजे अंधारात दडून माणसाच्या आवाजात "वाचवा" अशी हाक मारणारी श्वापदं. हाक ऐकून जो येईल त्याला खायचं. म्हणजे त्यांची भाषा जन्मली शिकारीसाठी. ते दिसतात माणसासारखे, बोलतात सुसंस्कृत, पण आत काही नाही, असं फ्रीरेनचं म्हणणं. एक जुनी आठवण येते. एका राक्षस मुलीला मारायची वेळ येते तेव्हा ती "आई" असं म्हणते. हिमेलचा हात थांबतो. गावप्रमुख तिला आपल्या घरी ठेवून घेतो. आणि पुढे ती त्या प्रमुखालाच मारते. का? तर ज्या बाईची मुलगी तिनं खाल्ली होती, ती बाई तिच्याकडे द्वेषानं बघत राहते. म्हणून हिनं विचार केला की प्रमुखाची मुलगी तिला बदली द्यावी, म्हणजे हिशेब मिटेल. मग "आई" का म्हणालीस? तर तो शब्द उच्चारला की तुम्ही मारत नाही, म्हणून.

प्रसंग भयंकर आहे आणि लेखनाच्या दृष्टीनं अव्वल आहे. पुढे ल्यूग्नर एका सरदाराशी तहाची बोलणी करताना त्याच्या मेलेल्या मुलाचा विषय निघाल्यावर स्वतःच्या वडिलांविषयी गहिवरून बोलतो. बाहेर आल्यावर त्याचा साथीदार विचारतो, "वडील म्हणजे काय?" त्याला स्वतःलाही ते धड सांगता येत नाही.

इथे तत्त्वज्ञानाच्या माणसाचे कान उभे राहतात. देकार्तनं १६३७ साली लिहून ठेवलं की यंत्र शब्द उच्चारू शकेल, पण समोरच्याच्या बोलण्याला अर्थ धरून उत्तर देऊ शकणार नाही. ते ज्याला जमतं त्याला मन आहे. ल्यूग्नर या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल. आपल्याकडे सातव्या शतकात धर्मकीर्तीनं 'सन्तानान्तरसिद्धि' हा ग्रंथच या प्रश्नावर लिहिला. मूळ संस्कृत हरवलं, तिबेटी अनुवादात राहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : माझं बोलणं आणि वागणं माझ्या इच्छेतून निघतं हे मला ठाऊक आहे, तसंच बोलणं-वागणं माझ्या इच्छेशिवाय दुसरीकडे दिसलं, तर तिथेही चित्त आहे असं अनुमान मी करतो. आपण सगळे रोज हेच करतो. तुम्ही आत्ता माना डोलावताय त्यावरून मी तेच करतोय. (हशा)

फ्रीरेन म्हणते की या एका जातीच्या बाबतीत हे अनुमान करू नका. ते रडतील, मुलं पुढे करतील, तहाची भाषा करतील. फसू नका.

मित्रहो, हे वाक्य आपण आधी ऐकलेलं आहे. प्रत्येक देशात, प्रत्येक शतकात, कुठल्या तरी जमातीविषयी कुणीतरी ते बोललेलं आहे. "त्यांना आपल्यासारखं काही वाटत नाही. त्यांचं गोड बोलणं हाच डाव असतो." वसाहतींच्या काळात हे शास्त्र म्हणून शिकवलं जायचं. आजही चहाच्या टपरीवर तुम्हाला ते ऐकू येईल, फक्त जमातीचं नाव बदलेल. म्हणून मला भीती वाटली.

यावर माझ्या नातीनं जे उत्तर दिलं ते मी प्रामाणिकपणे सांगतो, कारण ते चांगलं उत्तर आहे. ती म्हणाली, "आजोबा, त्या जगात ते खरंच तसे आहेत. लेखकानंच तसं ठरवलंय. वाघ हरणाला खातो तेव्हा आपण वाघाला पूर्वग्रहाचा बळी म्हणत नाही." बरोबर आहे. कल्पित जगाचे नियम लेखक ठरवतो. फ्रीरेनचं सगळं गाव राक्षसांनी मारलेलं आहे, ती पुस्तकी मत मांडत नाही, हेही खरं. आणि गावप्रमुखाचा जीव गेला. हिमेलच्या दयेची किंमत हिमेलनं मोजली नाही, त्या गरीब माणसानं मोजली. दयेची बाजू घेणाऱ्यानं हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलू नये.

तरीही माझं समाधान झालं नाही. वाघ "आई" म्हणत नाही. ज्या क्षणी लेखकानं त्यांना भाषा दिली, त्या क्षणी त्यांना वाघ म्हणायची सोय त्यानं घालवली. आपल्या पुराणांकडे बघा. तिथे दैत्य-राक्षस कमी क्रूर नाहीत. पण हिरण्यकशिपूच्या घरी प्रल्हाद जन्मतो, रावणाच्या सभेतून बिभीषण उठून जातो. कुळ म्हणजे शेवटचा निकाल नव्हे, एवढी फट पुराणकारांनी ठेवली आहे. या २८ भागांत राक्षसांत एकही प्रल्हाद नाही. मूळ चित्रकथेत पुढे माख्त नावाचा एक राक्षस येतो, ज्याला अपराधाची जाणीव म्हणजे काय हे समजून घ्यायचं असतं. म्हणजे हा प्रश्न लेखकालाही छळतो आहे. पण त्या प्रयत्नातही माणसंच मरतात.

आणखी एक गोष्ट पाहा. आउरा या बलाढ्य राक्षसिणीला फ्रीरेन हरवते ती कशी? फसवून. हजार वर्षं ती आपलं सामर्थ्य लपवून, कमी दाखवून जगली आहे. तिची गुरू फ्लामे हिनंच तिला हे शिकवलं. ज्यांचा गुन्हा काय, तर बोलणं एक आणि आत एक, त्यांच्याशी लढताना हिनं स्वतःचं सगळं आयुष्य दिसणं एक आणि असणं एक असं करून टाकलं. मालिका हे लपवत नाही. फ्रीरेनला त्याची लाज वाटते असंही दाखवत नाही.

दुसऱ्यांदा पाहताना मला जे दिसलं ते आता सांगतो. राक्षसांची ती मुलगी "आई" हा शब्द अर्थ न कळता वापरते. पहिल्या प्रवासात फ्रीरेन काय करत होती? हिमेल अंगठी घालतो, ती हात पुढे करते, अर्थ कळत नाही. हिमेल गावोगावी स्वतःचे पुतळे उभारतो, ती म्हणते किती हा हौशी माणूस. तो सांगतो की पुढे तू एकटी पडू नयेस म्हणून. ती ऐकते, आणि ऐकलेलं तसंच पडून राहतं. त्या काळी कुणी फ्रीरेनकडे बघून "हिच्या आत काही नाही" असं म्हटलं असतं, तर पुरावा त्याच्या बाजूनं होता. अंत्यविधीतले लोक तेच तर कुजबुजत होते.

मग फरक कुठे? माझं मत असं की फरक 'आत' काही असण्या-नसण्यात मालिकेनं ठेवला आहे, पण दाखवताना वेगळंच दाखवलं आहे. फ्रीरेनला कुणीतरी थांबून वेळ दिला. हिमेलनं दहा वर्षं दिली, हायटरनं मरता मरता एक मुलगी हाती दिली, आणि ती मुलगी रोज सकाळी हिला अंथरुणातून ओढून काढते. अर्थ बाहेरून, माणसांच्या सहवासातून, हळूहळू आत झिरपला. अर्थ असा येतो हे या मालिकेइतकं नीट कुणी दाखवलं नाही. म्हणूनच, दुसरा एक जीव सांगितल्यावर त्याचा निकाल पहिल्या शब्दाला लावायचा, हे तिलाच शोभत नाही. ज्या मालिकेनं मला शिकवलं की एका माणसाला ओळखायला ८० वर्षं कमी पडतात, तीच मालिका मला सांगते की त्या जातीला ओळखायला एक क्षण पुरे. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. मी पहिलं स्वीकारतो.

हिमेल त्या मुलीपुढे चुकला का? गावप्रमुखाच्या दृष्टीनं चुकला. तिच्यावर नजर ठेवायला हवी होती, तिला दुसऱ्याच्या घरात सोडून निघून जायला नको होतं. पण "आई" ऐकून त्याचा हात थांबला, यात मी त्याला दोष देणार नाही. ज्या दिवशी आपला हात तो शब्द ऐकूनही थांबणार नाही, त्या दिवशी आपल्यालाही त्याचा अर्थ उरलेला नसेल. हेच मी नातीला सांगितलं. तिला पटलं नाही. वाद चालू आहे, आणि मला तो चालू राहायला हवा आहे.

शेवटचं. दुसऱ्यांदा मालिका संपल्यावर मी त्या सहकाऱ्याच्या बहिणीला फोन केला. शोकसभेनंतर पहिल्यांदाच. इकडचं तिकडचं बोललो आणि मग विचारलं की तो जो धाकटा भाऊ होता, त्याचं नाव काय होतं? पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी नाव सांगितलं, आणि पुढे तासभर सांगत राहिल्या. तो कसा झाडावर चढायचा, याची पुस्तकं कशी लपवायचा. नाव मी इथे सांगणार नाही, ते त्यांच्या घरचं आहे. पण आता ते मला माहीत आहे.

प्रश्न जरूर विचारा. मागच्या रांगेतल्या तरुण मंडळींनी आधी.